रोल धुतला, प्रिंट कुठे आहे?

फिल्मवर फोटो काढणारा कोणी भेटला की मी त्याच्याकडे प्रिंट मागतो. कॅमेरा लगेच हातात येतो. तो आजोबांच्या कपाटातून चामड्याच्या केससकट निघालेला असतो, नाहीतर फोर्टातल्या एखाद्या जुन्या दुकानातून घासाघीस करून घेतलेला. रोलची रिकामी डबीही दिसते. मग मोबाइल पुढे येतो आणि बोटाने स्कॅन सरकू लागतात. प्रिंट नसते. बहुतेकांनी ती काढलेलीच नसते, आणि आपलं काही राहून गेलंय असं त्यांना वाटतही नाही.

हे मला खटकतं. रंगीत रोल आज हजाराच्या पुढे गेलाय. धुण्याचे आणि स्कॅनिंगचे पैसे वेगळे. गावात फिल्म धुणारी लॅब उरलेली नाही, म्हणून रोल कुरिअरने मोठ्या शहरात जातो. काही दिवसांनी लॅबकडून एक लिंक येते. ती फोनवर उघडायची, त्यातले चार फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे आणि खाली फिल्मचं नाव लिहायचं. निगेटिव्ह कित्येकदा लॅबमध्येच पडून राहते, कारण परतीच्या कुरिअरचा खर्च नकोसा वाटतो. ज्या एका वस्तूसाठी एवढा खटाटोप केला ती वस्तूच सोडून दिली आणि तिची जेपीजी तेवढी घरी आणली.

त्या जेपीजीतल्या रंगांचं मग भारी कौतुक होतं. रंगीत निगेटिव्ह एकदा उजेडात धरून पाहा. सगळ्यावर नारिंगी पडदा, उजेड काळा, सावली फिकी. त्यातून माणसाच्या कातडीचा रंग कसा काढायचा हे स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि त्यापुढे बसलेला माणूस ठरवतो. एकच रोल दोन लॅबमध्ये स्कॅन करून घ्या, दोन वेगळ्या संध्याकाळी मिळतील. ‘फिल्मचा लुक’ म्हणून जे मिरवलं जातं त्यातला मोठा वाटा नोरित्सू नाहीतर फ्रंटियर यंत्रावर दिवसभर बसणाऱ्या ऑपरेटरच्या डोळ्याचा आहे. फोटो काढणाऱ्याने अर्धे निर्णय त्याच्यावर सोपवले आणि श्रेय फिल्मच्या डबीला दिलं. त्या ऑपरेटरचं नाव कुठेच नसतं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता उलटी बाजू. लग्नाचा करिझ्मा अल्बम काढा. फोटो डिजिटल कॅमेऱ्याचे, पानं कॉम्प्युटरवर जुळवलेली, पण अशा पुष्कळ अल्बमांचा कागद मात्र चांदीच्या क्षारांचा, जुन्या पद्धतीचा रासायनिक कागद असतो. लॅबच्या यंत्रात लाल, हिरव्या आणि निळ्या लेझरने फाइल त्या कागदावर पडते आणि मग कागद डेव्हलपर, ब्लीच-फिक्स आणि पाण्यातून जाऊन कोरडा बाहेर येतो. कोपऱ्यावरच्या लॅबमधली पोस्टकार्ड साइजची प्रिंटही अनेक ठिकाणी अजून अशीच निघते. फिल्मवाल्याचा फोटो काचेवर अडकला आणि डिजिटलवाल्याचा रसायनात भिजून कागदावर उतरला. फिल्म की डिजिटल या भांडणात मग उरलं काय?

मला यात एकच भेद खरा वाटतो. फोटो छापला गेला की नाही, आणि छापताना त्याच्यापाशी कोण उभं होतं.

*

‘फिल्ममुळे शिस्त लागते’ हे वाक्य आता पाठ झालंय सगळ्यांना. छत्तीसच फोटो मिळतात, म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो, असं म्हणतात. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांचा थोर फोटोग्राफर १९८४ मध्ये गेला, तेव्हा त्याच्यामागे सुमारे २५०० रोल न धुतलेले निघाले. धुतलेले पण ज्यांची कॉन्टॅक्ट शीटसुद्धा काढलेली नाही असे आणखी काही हजार. हा माणूस आयुष्यभर फिल्मवरच काम करत होता. फोटो साठवून ठेवायचे आणि त्यांच्याकडे पाहायचंच नाही, ही सवय मोबाइलने आणलेली नाही. मोबाइलने ती घरोघरी पोचवली, एवढंच.

शिस्त लागते ती निवडताना. काढलेल्या फोटोंतले दोन ठेवायचे आणि बाकीचे बाजूला सारायचे, ते का बाजूला सारले हे स्वतःला सांगता आलं पाहिजे. फिल्मच्या काळात हे काम कॉन्टॅक्ट शीट करून घ्यायची. छत्तीसचा रोल सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्यांत कापायचा, त्या पट्ट्या एका आठ बाय दहाच्या कागदावर ठेवून प्रकाश द्यायचा, आणि सगळा रोल एका नजरेत समोर यायचा. फसलेले फोटोही त्यात असत, आणि लपवता येत नसत. भिंग लावून बघायचं, लाल पेन्सिलने खूण करायची. ही शीट आज कोणालाही घरी काढता येते. सहलीचे नाहीतर बारशाचे फोटो एका ए-फोर कागदावर वीस-तीस छोट्या चौकटींत छापा आणि घरातल्या सगळ्यांना पेन द्या. वाद होतील. आजी जो फोटो निवडेल तो नातू निवडणार नाही. तो वाद झालाच पाहिजे. पडद्यावर तो होत नाही, कारण तिथे वर ढकललं की पुढचा फोटो येतो आणि मागचा विसरला जातो.

*

‘फिल्म टिकते’ हे दुसरं पाठ वाक्य. त्यावर पुरावा म्हणून आजी-आजोबांचा स्टुडिओतला कृष्णधवल फोटो पुढे केला जातो. तो टिकलाय, खरं आहे. त्यात प्रतिमा चांदीची आहे. स्टुडिओवाल्याने हायपोत नीट बुडवून, भरपूर पाण्यात धुऊन काढला असेल तर तो अजून पुष्कळ वर्षं राहील. ज्याने धुण्यात कसूर केली त्याचे फोटो डागाळलेत, पिवळे पडलेत, तेही घरातल्या जुन्या फोटोंच्या त्याच पेटीत सापडतील.

पण त्या पेटीशेजारचा १९८०च्या आसपासचा लग्नाचा रंगीत अल्बम का कोणी उघडत नाही? तोही फिल्मवरचाच. शालू कोणत्या रंगाचा होता ते आता आईलाच विचारावं लागतं, कारण सगळं पान तांबूस झालंय. रंगीत कागदावर चांदी शेवटी उरतच नाही, उरतात ते रंग. त्या काळच्या कागदांत सायन रंग अंधारात, अल्बम मिटलेला असतानाही, हळूहळू उडायचा. तो गेला की लाल-पिवळं मागे राहतं. त्यात भर म्हणून आपण ते फोटो चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बमांत लावले. गोंद पिवळा पडला, प्लास्टिक फोटोला चिकटलं. आज असा फोटो सोडवायला गेलं तर पाठीचा कागद फाटून हातात येतो. ज्यांच्या घरी असे अल्बम आहेत त्यांनी फोटो ओढून काढू नयेत. आधी पानासकट स्कॅन करावेत, नाहीतर चांगल्या उजेडात त्यांचे फोटो घ्यावेत. मग निगेटिव्हचा लिफाफा शोधावा. तो सापडला तर रंग परत मिळण्याची बरीच आशा असते.

डिजिटल प्रिंटची सुरुवातही काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही. २००० च्या सुमारास बाजारात आलेल्या काही फोटो प्रिंटरच्या प्रिंट, कंपनीने दीर्घायुष्याचे दावे केलेले असताना, उघड्या हवेत काही आठवड्यांत नारिंगी पडू लागल्या होत्या. हवेतला ओझोन कागदाच्या सच्छिद्र थरात शिरून सायन शाई खात होता. तेव्हापासून शाई आणि कागद पुष्कळ सुधारले. पिग्मेंट शाईच्या प्रिंट चांगल्या कागदावर, काचेआड, काही पिढ्या टिकतील असा हेन्री विल्हेल्म यांच्या अमेरिकेतल्या चाचणी-संस्थेचा अंदाज आहे. तो तीव्र प्रकाशाखाली घाईने म्हातारे केलेल्या नमुन्यांवरून काढलेला आहे, हे ध्यानात ठेवावं. घरोघरी असतात त्या इंक टँक प्रिंटरमध्ये मात्र रंगीत शाई बहुधा डाय प्रकारची असते. ती दिसते झळझळीत, पण उघड्यावर टांगली तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तिला काच हवी. आणि काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये माउंटची चौकट हवी. कोकणातल्या एका पावसाळ्यात ग्लॉसी प्रिंट काचेला अशी डकते की पुन्हा सुटत नाही.

*

घरी छापायला बसलं की पहिली तक्रार असते, ‘प्रिंट काळी आली.’ पडद्यावर लख्ख, कागदावर गढूळ. लोक प्रिंटरला शिव्या घालतात आणि दुकानात जातात. दोष बहुतेक वेळा पडद्याचा असतो. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, आणि कारखान्यातून येतानाच डोळे दिपतील एवढा वाढवलेला असतो. कागदाकडे स्वतःचा प्रकाश नाही. खोलीत असेल तेवढाच तो परत देतो. एक कोरा पांढरा कागद मॉनिटरशेजारी धरा आणि दोन्ही पांढरे जवळपास सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. पहिल्यांदा पडदा मरगळलेला वाटेल. डोळ्याला सवय होते. आता त्या पडद्यावर फोटो दुरुस्त करा, आणि छापलेली प्रिंट खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली रंगांचा निवाडा करू नका.

दुसरी गोष्ट कागद. दुकानदार १८० जीएसएमचा ग्लॉसी काढून देतो, कारण बहुतेक गिऱ्हाईक तेच मागतं. ग्लॉसीवर काळा गडद येतो आणि रंग उठतात, पण बोटांचे ठसे आणि खिडकीची तिरीपही उठते. मॅटवर काळा थोडा मवाळ होतो, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे, धुकं, भिंती, मातीची घरं त्यावर सुंदर दिसतात. लस्टर या दोघांमधला, भिंतीवर लावायला सोयीचा. बरायटा आणि सुती कागद महाग आहेत, पण वर्षातून एखाद्या फोटोसाठी घ्यावेत. कोणताही घ्या, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये त्याच कागदाचं नाव निवडा. साधा कागद निवडून फोटो पेपर घातला तर प्रिंटर शाई चुकीच्या मापाने टाकतो आणि फोटो मळकट येतो. घरच्या फसलेल्या प्रिंटांमागे हे कारण नेहमी सापडतं, आणि ते टाळायला पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

आकाराची भीती तर पार सोडून द्यावी. ए-फोर कागदावर दर इंचाला तीनशे बिंदू धरले तरी नऊ मेगापिक्सेलच्या आतच काम भागतं. खिशातला साधा बारा मेगापिक्सेलचा फोन ते सहज देतो. तरी लोक पन्नास मेगापिक्सेलचा, शंभर मेगापिक्सेलचा फोन घेतात आणि फोटो बघतात तळहाताएवढ्या काचेवर. एवढा तपशील विकत घेतला कशासाठी?

मग येते टेस्ट स्ट्रिप. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागदाची पट्टी ठेवून पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद असा प्रकाश द्यायचे आणि कोणता टप्पा योग्य ते ठरवायचे. घरच्या प्रिंटरवरही तसंच करावं. फोटो पेपरचा एक ताव उभा कापा. एका पट्टीवर फोटोतला चेहरा आणि त्यामागची सावली एवढाच भाग छापा. सावलीत तपशील दिसतो का? कपाळावरचा उजेड फुटला का? एक घर उजळ करा, पुन्हा पट्टी काढा. तिसऱ्या पट्टीपर्यंत तुमच्या लक्षात येतं की फोटो काढताना जे सुटलं होतं ते आत्ता दिसतंय. कोपऱ्यातली पांढरी पिशवी. किंचित कललेलं क्षितिज. ज्याच्यासाठी फोटो काढला तो माणूस चौकटीत किती लहान आहे. पडद्यावर हे शंभर वेळा समोर आलं होतं, पण डोळा तिथे थांबत नव्हता. कागद हालत नाही, म्हणून डोळाही हालत नाही. ती प्रिंट फडताळावर नाहीतर स्वयंपाकघराच्या दारावर पिन लावून आठवडाभर राहू द्यावी. दोष असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सापडतो. दोष नसेल तर फोटो चांगला आहे आणि त्याला चौकट करायला हरकत नाही.

छपाईला ‘नंतरचं काम’ समजणाऱ्यांनी आपल्याच मुलखात काय झालं ते आठवावं. राजा रविवर्म्यांची चित्रं राजवाड्यांत होती तोवर ती मूठभरांची होती. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि शिळाछापाच्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य घरांच्या भिंतींवर आल्या. धुंडिराज गोविंद फाळके हे सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते आणि छपाईतले जाणकार होते. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटो-लिथोचं काम केलं, स्वतःचा छापखाना चालवला. तीन रंग एकावर एक बसवून चित्र उभं करण्याची विद्या त्यांना येत होती, आणि तुमच्या टेबलावरचा प्रिंटर सायन, मॅजेंटा आणि पिवळ्याचे डोळ्याला न दिसणारे थेंब टाकून तत्त्वतः तेच करतो. ज्या महाराष्ट्रात प्रतिमेचा इतिहास छापखान्यातून गेला, तिथला फोटोग्राफर छपाईला हमाली समजतो, याचं मला वाईट वाटतं.

*

घरची छपाई स्वस्त पडते असं मी म्हणणार नाही. कागद, शाई आणि वाया गेलेल्या पट्ट्या धरल्या तर लॅबची पोस्टकार्ड प्रिंट बहुतेकांना स्वस्तच पडेल. घरी छापायचं ते निर्णय आपल्या हातात राहावेत म्हणून.

आणि प्रिंटर कंपन्यांनी घरी छापणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं लुबाडलंय हेही स्पष्ट सांगायला हवं. यंत्र पडत्या भावात द्यायचं आणि काही मिलीलिटर शाईच्या कार्ट्रिजला एवढी किंमत लावायची की दोन-तीनदा कार्ट्रिज बदलली तर यंत्राचे पैसे भरावेत. वर कार्ट्रिजमध्ये चिप बसवायची, म्हणजे दुसऱ्याची शाई चालू नये. त्यामुळे कितीतरी घरांत प्रिंटर कपड्याखाली झाकून ठेवले गेले आणि फोटो छापायची सवयच मोडली. भारतातल्या लोकांनी याला उत्तर शोधलं. गल्लोगल्ली सुईने शाई भरून देणारे उभे राहिले, बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून प्रिंटर चालवले गेले. पुढे कंपन्यांना स्वतःच टाकीचे प्रिंटर आणावे लागले. आज तालुक्याच्या गावातला स्टुडिओ सहा रंगांच्या इंक टँकवर पासपोर्ट फोटोही काढतो आणि लग्नाची ए-फोर प्रिंटही.

टाकीचा प्रिंटर घेतला तरी तो चालता ठेवावा लागतो. दोन महिने बंद राहिला की शाई नोझलमध्ये सुकते आणि फोटोवर आडव्या रेघा येतात. मग हेड क्लीनिंग करायचं, आणि त्यात शाई अक्षरशः आतल्या स्पंजमध्ये ओतली जाते. त्यापेक्षा आठवड्याला एक रंगीत फोटो छापावा. यंत्रही नीट राहतं आणि वर्षाअखेरीस पन्नास प्रिंट हातात असतात.

*

एका ठिकाणी मात्र घरचा प्रिंटर हरतो, आणि ते कबूल केलं पाहिजे. कृष्णधवल. एकच काळी शाई असलेला प्रिंटर करडा रंग बनवायला इतर रंग मिसळतो, आणि फोटो कधी हिरवट तर कधी जांभळट दिसतो. खिडकीशी एक, दिव्याखाली दुसरा. दोन-तीन करड्या शाया असलेले प्रिंटर हे निभावतात, पण त्यांच्या किमती शौकाच्या पलीकडच्या आहेत.

म्हणून जो माणूस अजून डार्करूम चालवतो त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे. एन्लार्जरच्या प्रकाशात हाताच्या सावलीने चेहरा वाचवायचा, आभाळाला जास्तीचा प्रकाश द्यायचा, तो दर प्रिंटला पुन्हा तसाच द्यायचा. फिल्मचा खरा वारस तोच आहे. त्याच्या अडचणीही खास इथल्या आहेत. कृष्णधवल डेव्हलपरला वीस अंश तापमान लागतं. मे महिन्यात नागपुरात नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं, म्हणून ट्रेखाली बर्फ ठेवावा लागतो. फायबर कागद नीट धुवायचा तर तासभर पाणी बदलत राहावं लागतं, आणि आठवड्यातून एकदा टँकर येणाऱ्या गावात ते कसं करावं? वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, ते मोरीत ओतू नये. हे सगळं सांभाळून जो चार प्रिंट काढतो, त्याच्या आणि घरी टेस्ट स्ट्रिप काढत बसलेल्या डिजिटलवाल्याच्या कामात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही कागद कळतो.

स्कॅनवर थांबणाऱ्या फिल्मवाल्याला आणखी एक आठवण करून द्यायची आहे. फिल्म कारखान्यावर आणि लॅबवर जगते. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला. ‘इंदू’ नावाची आपली फिल्म तिथे बनायची, एक्स-रेची फिल्मही. तो बंद पडला. कोडॅक्रोम ही १९३५ पासूनची रंगीत फिल्म २००९ मध्ये थांबवली गेली. कारखान्यातला शेवटचा रोल फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीला दिला होता. त्यातल्या काही फ्रेम त्याने मुंबईत सिनेमातल्या माणसांवर आणि राजस्थानात रबारी लोकांवर खर्च केल्या. तो रोल धुतला गेला कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या छोट्या गावी. कोडॅक्रोम धुणारी जगातली शेवटची लॅब ती. २०१० च्या अखेरीस तिनेही हे रोल घेणं बंद केलं. त्यानंतर कोणाच्या ड्रॉवरमध्ये कोडॅक्रोमचा काढलेला रोल सापडला तर त्यातून रंग मिळण्याची वाट बंद झाली. लॅब आहे, कागद मिळतोय, तोवर छापून घ्या.

*

कागदही नाहीसा होतो, आपण पाहिलंय. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे, पाणी घरात शिरलं आणि लग्नाचे अल्बम चिखलात गेले. अशा वेळी भिजलेले फोटो उन्हात टाकू नयेत. एकमेकांना चिकटून सुकले की संपलं. लॅबमधल्या रासायनिक कागदावरचे फोटो ओले असतानाच थंड स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने सुटे करून, धुऊन, सावलीत पालथे न घालता वाळवले तर पुष्कळ वाचतात. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी गाळातून काढलेले असे फोटो टबांत धुऊन लोकांना परत दिले. फुजीफिल्मने त्यासाठी खास मोहीम चालवली होती. डाय शाईची घरची प्रिंट एवढं सोसेल याची खात्री नाही. म्हणून घरातले मोजके फोटो लॅबमध्येही छापून घ्यावेत, आणि एकेक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे, भावाकडे द्यावी. फाइल दोन ठिकाणी हवीच. पण हार्ड डिस्क बंद पडली की आत काय होतं हे कोणाला आठवत नाही, आणि बहिणीकडचा फोटो मात्र ती न विचारता दाखवते.

प्रिंटच्या पाठीवर नाव, गाव आणि साल लिहा. फोटो पेपरच्या पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर न पसरणाऱ्या मार्करने कडेला लिहा, बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे वळ उठतो.

आता माझं मागणं फोटोग्राफी क्लबांकडे आणि प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे आहे. तुमच्या स्पर्धांना आता फाइल अपलोड करायची असते, परीक्षक घरी बसून लॅपटॉपवर गुण देतात, आणि निवडलेल्या फोटोंच्या प्रिंट शेवटी एकगठ्ठा बाहेरून छापून येतात. काढणाऱ्याने त्या उद्घाटनाच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेल्या असतात. हे थांबवा. निदान एक विभाग असा ठेवा जिथे स्पर्धकाने स्वतः काढलेली, नाहीतर छापणाऱ्याशेजारी उभं राहून काढून घेतलेली प्रिंटच स्वीकारली जाईल. डार्करूमची असो, इंकजेटची असो, लॅबची असो. परीक्षकांनी टेबलाभोवती उभं राहून, खिडकीच्या उजेडात ती हातात घेऊन बघावी. आणि चौकटीखाली जी पट्टी लावता तिच्यावर कॅमेऱ्याचं, लेन्सचं आणि फिल्मचं नाव नको. कागद कोणता, शाई की रसायन, आणि प्रिंट कोणी काढली, एवढं लिहा. लॅबच्या ऑपरेटरने काढली असेल तर त्याचं नाव लिहा.